मराठीतला निषेध

“कब से पी रहे हैं?” डॉक्टरांनी एक्स-रेवरची नजर न काढता विचारलं.

“मैं नहीं पीता,” गोपीनाथ म्हणाला. “सिगरेट नहीं, बीड़ी नहीं, शराब भी नहीं.”

“काम क्या करते हैं?”

“होटेल के बार में कॅप्टन हूँ.”

आता मात्र डॉक्टरांनी मान वर केली आणि ते हसले. मोठ्याने नाही, ओठाच्या एका कडेने. “यहाँ सब यही कहते हैं,” म्हणत त्यांनी कागदावर औषधं लिहिली, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, धूम्रपान तत्काल बंद करें.

गोपीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने आयुष्यात काडी ओढली ती फक्त देवापुढचं निरांजन लावायला, त्याला हा माणूस खोटारडा ठरवत होता. जिना उतरताना त्याला मध्ये थांबून कठडा धरावा लागला, आणि मागून येणारी बाई म्हणाली, “भैया, सिगरेट छोड़ दीजिए.” ती बिचारी चांगल्या मनानेच म्हणाली. तरी त्याला तिला ढकलून द्यावंसं वाटलं.

गोपीनाथ काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत जन्मला आणि अजून तिथेच राहतो. घरी वेदपाठाची परंपरा. वडील शिकवत, त्यांच्यामागे थोरले भाऊ नरहर शिकवतात. लहानपणी धाकट्याचा आवाज थोरल्यापेक्षा चांगला होता. नरहर हे कबूल करतात, मात्र गोपीनाथच्या देखत कधीच नाही. दोघा भावांचे संसार वेदपाठाच्या एका मिळकतीवर चालण्यासारखे नव्हते, म्हणून धाकट्याने कँट स्टेशनजवळच्या एका होटेलात नोकरी धरली. आधी जेवणघरात होता. मग मालकाला बाटल्यांपाशी एक न पिणारा माणूस हवासा झाला आणि गोपीनाथ वेटरांवरचा कॅप्टन म्हणून बारमध्ये गेला.

गल्लीने लगेच त्याचं नाव सोमयाजी, म्हणजे सोमरसाचा यज्ञ करणारा, असं ठेवलं. “काय सोमयाजी, निघालात का यज्ञाला?” असं कोणीतरी ओट्यावरून विचारी आणि तोही म्हणे, “हो तर! यजमान खोळंबलेत.” बारमधली गिऱ्हाइकं त्याला पंडितजी म्हणत. दोन्ही नावांत थट्टा होती आणि दोन्ही त्याला चालत. सकाळी बालाजी घाटावर स्नान, मग देवघरात नरहरदादांच्या शेजारी बसून रुद्रपाठ, आणि दुपार उतरली की काळा कोट घालून कँट. सकाळचा तो तास त्याचा स्वतःचा होता. बाकीचा दिवस त्याने होटेलला विकला होता, तो तास विकला नव्हता.

सार्वजनिक जागी सिगरेट ओढायला बंदी आली तेव्हा होटेलने काउंटरच्या मागे पितळी अक्षरांची पाटी लावली, ‘धूम्रपान निषेध’. त्या वर्षी होटेलच्या वार्षिक समारंभाला गोपीनाथ बायकोला घेऊन गेला होता. आनंदी मूळची देशातली, म्हणजे महाराष्ट्रातल्या वाईची. लग्न होऊन काशीत आली तरी तिची मराठी तिथलीच राहिली. पाटी वाचून ती म्हणाली, “अहो, हे काय? नुसता निषेधच का? बंदी नाही?”

गोपीनाथ खूप हसला. हिंदीतला निषेध म्हणजे मनाई, हे त्याने तिला समजावून सांगितलं. मराठीत मात्र निषेध म्हणजे हात वर करून नाराजी सांगायची आणि घरी जायचं. पुढे कितीतरी दिवस तो हा विनोद लोकांना ऐकवत असे.

मग तो विनोद खरा ठरत गेला. सुरुवातीला ॲशट्रे उचलून खोक्यात भरले. कायद्यात बसते म्हणून धूम्रपानाची एक वेगळी काचेची खोली केली. तिथे काही खायला-प्यायला द्यायचं नाही, असा नियम. त्यामुळे तिथे कोणी बसेना. ग्लास सोडून कोण जाईल? काही गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा मॅनेजर पांडेंनी गोपीनाथला बाजूला घेऊन सांगितलं, “कोई माँगे तो ॲशट्रे मत देना. एक खाली कटोरी दे देना.” तेव्हापासून त्या बारमध्ये ‘ज़रा कटोरी’ म्हटलं की वेटर स्टीलची वाटी पाण्याचा थेंब घालून आणून ठेवी. काचेच्या खोलीत लग्नाच्या खुर्च्या रचल्या गेल्या. आणि वाट्या? त्या धुऊन पुन्हा स्वयंपाकघरातच जात. दुसऱ्या दिवशी त्यांतूनच चटणी. एकदा हे आनंदीला कळलं, तेव्हापासून तिने होटेलच्या दिवाळीच्या मिठाईलाही हात लावला नाही.

खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद. छताखाली निळसर थर साचलेला असे. गोपीनाथ त्याच्यातच उभा राहून हसतमुखाने बर्फ घालत राहिला.

गेल्या श्रावणात सोमवारच्या अभिषेकाला त्याचा श्वास पहिल्यांदा तुटला. पाठात श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेलं असतं. मध्येच घेतला तर ओळ मोडते. गोपीनाथची ओळ मोडली, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. नरहरदादांच्या हातची अभिषेकाची धार तशीच चालू होती, पण त्यांचं तोंड थांबलं.

“आवाज दुकानात ठेवून आलास वाटतं,” ते म्हणाले.

“दादा, मी ओढत नाही.”

“ओढायला कशाला हवं? बसतोस ना तिथे!”

गोपीनाथ उठून गेला. दादांचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग त्यांचं म्हणणं खरं असल्याचा होता. त्यानंतरच ते डॉक्टर, तो एक्स-रे, ते हसू. डॉक्टरांनी आनंदीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, गेलं ते परत येणार नाही, पण धूर थांबला तर आहे तेवढं टिकेल. म्हणजे आहे तेवढा श्वास वाचवायचा होता. रुद्राच्या एका ओळीपुरता तरी.

तो पांडेंकडे गेला. कागद दाखवला. पांडे म्हणाले, “अरे पंडितजी, आप घर के आदमी हैं. आप ही ऐसा करेंगे तो कैसे चलेगा? ग्राहक चला जाएगा.”

“और मैं चला गया तो?”

“शुभ शुभ बोलिए,” पांडे म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

त्या शनिवारी पांडे हिरवळीवरच्या लग्नात अडकले होते. बार उघडायच्या आधी गोपीनाथने काचेच्या खोलीतल्या खुर्च्या स्वतः बाहेर काढल्या. धापा टाकत, बसत, पुन्हा उठत. पाटीची पितळी अक्षरं चिंचेने घासली. आणि सगळ्या वेटरांना बजावलं, आज कटोरी नाही.

वकीलसाहेब त्यांच्या मित्रांबरोबर आले. जुनं गिऱ्हाईक, दिलदार माणूस. गोपीनाथच्या मुलीच्या लग्नात येऊन जेवले होते.

“पंडितजी, ज़रा कटोरी.”

“कटोरी में क्या दूँ? चटनी या रायता?”

सगळे हसले. “अरे महाराज, खाली कटोरी!”

“खाली कटोरी नहीं मिलेगी. बोर्ड पढ़िए.”

“बोर्ड तो बरसों से है.”

“हाँ. पढ़ा आज जा रहा है.”

वकीलसाहेबांना अजून ही गंमतच वाटत होती. “काशी में रहकर धुएँ से डरते हैं, पंडितजी? मणिकर्णिका का धुआँ तो जनम से खा रहे हैं!”

टेबल पुन्हा हसलं. गोपीनाथच्या हातातली बर्फाची बादली खाली आपटली, बर्फ उडून गालिच्यावर पडला.

“वहाँ आदमी मरने के बाद जाता है, वकील साहब. मुझे आप जीते जी भेज रहे हैं.”

कोणी हसलं नाही. त्याने काचेच्या खोलीचं दार उघडून धरलं. वकीलसाहेब आणि दोन मित्र मानभंग झाल्यासारखे उठले, ग्लास टेबलावर ठेवून आत गेले. तिघांनी पेटवल्या. छोटी खोली पाहता पाहता पांढरी झाली. काचेतून त्यांचे चेहरे पुसट दिसत होते. थोड्याच वेळात वकीलसाहेब खोकत, डोळे पुसत दार ढकलून बाहेर आले.

“अंदर तो दम घुटता है, यार!”

“किसके धुएँ से?” गोपीनाथ ओरडला. बारमध्ये त्याचा आवाज कधी कोणी असा ऐकला नव्हता. रुद्र म्हणायचा तो पोटातला आवाज. “अपने ही धुएँ में आपसे बैठा नहीं गया! मैं जवानी से बैठा हूँ, आपके धुएँ में! और डॉक्टर पूछता है, कब से पी रहे हो?” पुढचं बोलायला श्वास उरला नाही. तो काउंटरला धरून उभा राहिला, आणि छातीतली ती शिट्टी सगळ्यांना ऐकू गेली.

वकीलसाहेबांनी बिल मागवलं आणि ते गेले. त्यांचा एक मित्र मात्र बसून राहिला. त्याने सिगरेटचं पाकीट खिशात घातलं आणि मान खाली घालून आपला ग्लास संपवला.

पांडेंना त्याला काढता येईना, कारण पाटी त्याच्या बाजूने होती. त्यांनी त्याला सकाळच्या नाश्त्याच्या पाळीला टाकलं. गरम पुऱ्या, जिलेबी, उघड्या खिडक्या. धूर संपला, पण पहाटेच निघावं लागू लागलं आणि देवघरातला तो एकच न विकलेला तास गेला. आठवड्याभरात बारमध्ये कटोऱ्या परत आल्या. गोपीनाथने वर लेखी तक्रार केली. तिची पोच आली, उत्तर आलं नाही.

“म्हणजे तुमचाही मराठीतलाच निषेध झाला की,” आनंदी म्हणाली. तिला हसवायचं होतं. तो हसला नाही, ताट सरकवून उठला. मग तीही चिडली. “माझ्यावर कशाला राग काढता? त्या पांड्यावर काढा!” आणि हे बोलून ती पदराने डोळे पुसू लागली.

हे सगळं पलीकडच्या खोलीत नरहरदादांनी ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी गोपीनाथ कोट उतरवत होता तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

“दुपारी चार वाजता येत जा. रुद्राला.”

“दादा, चार ही काय वेळ झाली?”

“वेळ मी ठरवतो. तू श्वासाचं बघ.” जाता जाता ते थांबले. “त्या डॉक्टरला म्हणावं, माझ्या भावाने आयुष्यात विडी ओढलेली नाही. नाहीतर मी येऊन सांगतो.”

गोपीनाथ चारला बसला. रुद्राची सुरुवातच देवाच्या रागाला नमस्कार करून होते. त्याने तो नमस्कार केला, दोन ओळी नीट गेल्या, तिसरी मध्यावर मोडली. त्याने भावाकडे पाहिलं. दादांनी ती ओळ सावरून घेतली नाही. मांडीवर हात आपटून ते एवढंच म्हणाले, “पुन्हा.”

गोपीनाथने नाकाने श्वास भरून घेतला. खिडकीतून नदीचा वारा येत होता. त्याने दात आवळले आणि पुन्हा त्या रागापासून सुरुवात केली.