इंजिनाच्या तोंडची साखर

दादाच्या साकीनाक्याच्या गाळ्यात एरवी पाण्याचे पंप दुरुस्तीला येतात. त्या वर्षी मात्र तिथे पाठीला बांधून उडायचं इंजिन आलं. वर कापडी पंख, मागे पंखा, मध्ये आमचा पन्नाशीतला दादा. त्याच्या उडणाऱ्या मित्रांची इंजिनं टू-स्ट्रोक, कर्कश. याचं फोर-स्ट्रोक, म्हणून त्याचा तोरा वेगळा. दसऱ्याला गाळ्यातल्या हत्यारांबरोबर आईने त्याचीही पूजा केली.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा उडायला निघणार होता. निघण्याआधी त्याने माझ्या आणि आईच्या समोर इंजिन गाळ्याबाहेर स्टँडवर चालू करून पाहिलं. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पेट्रोल होतं, ऑइल होतं, ठिणगी पडत होती.

"काल तर मक्खन चालत होतं यार," दादा म्हणाला.

माझं डोकं चालेना. इंजिन सुरू व्हावं असं वाटत होतं, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता. सुरू होऊ नये असंही वाटत होतं. हेच वर आभाळात झालं असतं तर? मी देवाकडे नक्की काय मागत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

शेवटी त्याने एअर फिल्टर काढला. आत, जिथून इंजिन हवा ओढतं त्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, काहीतरी पांढरं, चिकट वाळलं होतं. त्याने बोटाने खरवडून वास घेतला.

"दही?"

काल फिल्टर धुऊन वाळत घातला होता, तेव्हा ते तोंड उघडं होतं; रात्री घाईत दादाने तो आत न बघताच परत बसवला होता. आई शांतपणे म्हणाली, "दही-साखर घातलंय. तुका घेवन जातलां तांच मां?"

आम्ही हसून हसून बेजार झालो. दादाने सगळं धुऊन पुसून पुन्हा जोडलं, आणि इंजिन एका दमात सुरू झालं. खुशीत त्याने आईपुढे हात पसरला.

"आता माझी दही-साखर दे."

आई त्याच्या तळहाताकडे बघत राहिली. परीक्षेला, नोकरीला, लग्नाला, दादा कधी तिच्या हातच्या दही-साखरेशिवाय घराबाहेर पडलेला नाही.

"तुका मुद्दाम नाय दिलंय," ती म्हणाली. "तू जाव नको, असां माका वाटता. पण गेलंस तर तेना तुका परत घरी घेवन येवचां, म्हणान तेका दिलंय."

इंजिन छान चालत होतं. दादाने हात मागे घेतला नाही, आणि इंजिनही बंद केलं नाही.