तुझ्या आईला सांग

शेवटच्या दिवशीसुद्धा आमची थोरली भांडूनच घराबाहेर पडली. भांडण नळावरून. धाकटी मोरीत बादली लावून बाहेर आली, बादली भरली आणि पाणी मोरीभर वाहत सुटलं. थोरली दारात चपला घालत होती, खांद्याला ती ऑफिसची पिवळी पिशवी. जाऊ हाताच्या अंतरावर उभी, पण हिनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून पोरीला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, नळ बंद कर. पाणी काय तिच्या बापानं भरून ठेवलंय?"

धाकटीनंही पोरीलाच सांगितलं, "काकूला सांग, बापावर जायचं काम नाही. पाणी आमचं, मोरी आमची, तिनं तिची वाट धरावी."

पोरगी धाकटीची, अडीच वर्षांची. एकदा हिच्या तोंडाकडं, एकदा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. बोलली काहीच नाही. ती बोलतच नव्हती, तेच तर सगळं दुखणं होतं.

थोरलीचं काम म्हणजे लोकांच्या पोरांना बोलतं करायचं. गरिबांच्या लहान लेकरांसाठी कुठलीशी योजना होती. दारोदार जायचं, जमिनीवर बसायचं, पिशवीतून ठोकळे, आरसा, चिंधीची बाहुली काढायची आणि आयांना शिकवायचं की पोराशी बोला. भांडी घासताना बोला, केस विंचरताना बोला, ते काही बोललं नाही तरी थांबा, त्याच्या उत्तराची वाट बघा, मग परत बोला. आता थोरली म्हणजे तोंडाचा पट्टा. गोड बोलून शिकवणं तिला जन्मात जमलं नाही. "टीव्ही बोलतोय, मोबाइल बोलतोय, तुमच्याच जिभेला काय झालंय?" असं तोंडावर विचारायची. बायका मागं बोलायच्या, स्वतःला एक झालं नाही आणि आम्हाला शिकवते. एकीनं तर दार लावून घेतलं. ही जिन्यावर बसली, बाहुली दाराखालच्या फटीतून आत सरकवली आणि आतल्या बाळाशी बाहेरून गप्पा मारत बसली. वैतागून त्या बाईनं दार उघडलं.

घरात मात्र तिनं माती केली. एक दिवस ऑफिसातली मोठी बाई काम बघायला आली. ज्या घरी जायचं होतं तिथं कुलूप. मग थोरली तिला आपल्याच घरी घेऊन आली. धाकटी साबणाच्या कारखान्यात खोकी भरून आलेली, टीव्ही चालू, पोरीला कुशीत घेऊन फरशीवरच लवंडलेली. थोरली बाईंना म्हणाली, "हे बघा. पोराशी कुणी बोलत नाही ते घर असं दिसतं."

बाईंनी लिहून घेतलं. धाकटीला जाग आली ती हे ऐकूनच. त्या दिवसापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

पण स्वयंपाकघर एक, मोरी एक. न बोलून चालतंय कसं? मग सगळे निरोप पोरीवर लादले. तुझ्या आईला सांग, दूध उतू चाललंय. काकूला विचार, किल्ली कुठं घातली. दोघींचे नवरे, दोघं भाऊ, आधी हसायचे, म्हणायचे पोरगी वकील होणार. निरोप सांगणारीच मुकी, आणि जिला सांगायचा ती समोर उभी.

पुढं हसू बंद झालं. कारखान्यातल्या बायकांची पोरं दोन वर्षांची झाली की गाणी म्हणायची. धाकटीची झोप उडाली. पोरगी मुकीच राहिली तर? आणि तशी राहिली तर थोरली खरी ठरणार, हे तिला त्याहून जास्त खुपायचं. एकदा थोरलीनं पोरीपुढं पिशवी उघडली, तर धाकटीनं बाहुली हिसकून घेतली. "काकूला सांग, आमच्यावर प्रयोग नकोत."

त्या दिवशी, नळावरून भांडून गेली त्याच दुपारी, निरोप आला. कुणाच्या तरी घरी जमिनीवर बसून थोरली बाळाशी बोलत होती. बोलता बोलता थांबली. त्या आईला वाटलं, बाळाच्या उत्तराची वाट बघतेय.

धाकटी रडली नाही. शेजारणी कुजबुजल्या, बरोबरच आहे, सुटली एकदाची. तिनं ऐकलं आणि त्यांचे चहाचे कप अर्धे होते तसेच उचलून मोरीत नेले.

काही दिवसांनी ऑफिसातली ती बाई आली. खुर्चीवर बसून म्हणाली, फार गोड स्वभाव होता हो त्यांचा.

"तिचा?" धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या घरी आलाय तुम्ही."

बाई कसनुशी हसली आणि पिशवी मागितली. पिशवी योजनेची, नव्या बाईला द्यायची होती. थोरलीबरोबर त्या घरून परत आलेली ती पिशवी धाकटीनं खुंटीवरून काढून पुढ्यात टाकली. बाईंनी एकेक वस्तू काढून बघितली. म्हणाल्या, आरशाला चीर गेलीय.

"मग काय, मेलेल्या माणसाकडून भरून घेणार? न्या तसाच. तोंड दिसतंय तुमचं त्यात."

आत मोरीत बादली लावलेली होती. पाणी वाहायला लागलेलं दोघींच्याही ध्यानात नव्हतं. पोरगी आतून आली, पाय ओले. आई समोर होती, पण आईकडं गेलीच नाही. बाईंच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "तुझ्या आईला सांग. नळ बंद कर."

बाईंना काही कळेना. त्या धाकटीला म्हणाल्या, "नळ बंद करा म्हणतेय. छान बोलते की."

हे पोरीचं पहिलंच बोलणं, हे धाकटीनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईंनी तेही लिहून नेलं असतं. ती पोरीकडं बघून म्हणाली, "काकूला सांग..." आणि तिथंच थांबली.

पोरगी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, पुढचा निरोप काय ते ऐकायला. धाकटी उठली, मोरीत गेली आणि नळ बंद केला.