हजेरीतल्या सोळा बाया

आर्वीच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सरकी काढायच्या रेच्यावर कापूस घालणाऱ्या बायांमध्ये जिजा उईके सगळ्यांत जुनी. नवरा गेल्यावर लेकीला कडेवर घेऊन ती इथं आली, त्याला बारा हंगाम झाले होते. रोज दहा आणे. १९५५च्या फाल्गुनात मालकाचं दिवाळं निघालं आणि फाटकाला कोर्टाचं कुलूप लागलं. बायांचे पन्नास रोज तुंबले होते. एकेकीचे सव्वाएकतीस रुपये.

फाटकावर चिकटवलेला कागद पोस्टमननं वाचून दाखवला. ज्याचं घेणं असेल त्यानं ते पुराव्यासह रिसीव्हरपुढे मांडावं. हे रिसीव्हर म्हणजे वर्ध्याचे एक वकील. मालकाची चीजवस्तू विकून घेणेकऱ्यांना वाटायचं काम कोर्टानं त्यांच्याकडे दिलं होतं. यंत्रांची यादी करायला ते आर्वीला आले, तेव्हा जिजा बायांना घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मजुरांचा हक्क आधी," वकील म्हणाले. "वीस रुपयांपर्यंत सावकारांच्याही आधी मिळतील. बाकीच्यासाठी सगळ्यांबरोबर थांबावं लागेल. पण हजेरीत तुमची नावं कुठं आहेत?"

नावं नव्हतीच. पानोपानी एवढंच लिहिलेलं : 'मार्फत नत्थू जमादार, बाया सोळा.' आणि समोर उभ्या होत्या चौदा.

"जमादाराला आणा. शपथेवर सांगू दे."

बायांना कामावर लावणारा हा नत्थू चार दिवस घराबाहेर पडला नव्हता. का, ते जिजाला ठाऊक होतं. दोन बायांचा खोटा रोज तो स्वतः उचलायचा. जिनात सगळ्यांना माहीत, बोलत कोणी नव्हतं. ती सरळ त्याच्या अंगणात जाऊन बसली.

"नत्थूभाऊ, चाल. साहेब उद्या वर्ध्याले जाऊन राह्यला."

"मी काऊन येऊ? सोळा म्हणलं तं खोटी शपथ, चौदा म्हणलं तं मी चोर."

"मंग आमी चौदाजणींनं काय खावं? मी तुह्याबद्दल एक शब्द बोलणार नाई. तू फक्त आमची नावं सांगजो."

नत्थूनं न पेटवलेली विडी कानावर खोचली. मग उठून त्यानं टोपी घातली.

वकिलांनी हजेरीवर बोट ठेवलं. "इथं सोळा आहेत."

जिजानं मान खाली घातली. आता हा दोन नावं रचून सांगणार, असंच तिला वाटलं.

"दोन माह्या पोटात गेल्या, साहेब," नत्थू म्हणाला. "कामाले चौदाच होत्या." आणि न अडखळता त्यानं चौदाही नावं सांगितली, नवऱ्यांच्या नावांसकट.

वकिलांनी अंगठे घेतले. नत्थूच्या स्वतःच्या थकलेल्या पगारातून ते खोटे रोज कापले गेले.

यंत्रं विकायला वर्ष गेलं. पुढच्या चैत्रात प्रत्येकीच्या हातात वीस रुपये पडले. जिजानं छपरावरची फुटकी कवेलू बदलून घेतली. उरलेल्या पैशांचा वाटा निघाला १९५८ साली, रुपयाला दोन आणे. म्हणजे एकेकीला एक रुपया चाळीस नये पैसे, तेही वर्ध्याला जाऊन घ्यायचे. जाण्यायेण्याचं भाडंच त्याहून जास्त, म्हणून बाकीच्या बायांनी नाद सोडला.

जिजाची लेक तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. तिला पाहायला जाताना जिजा वर्ध्याला उतरली, कचेरीत अंगठा दिला, पैसे मोजून घेतले आणि बाजारातून बाळाला टोपडं घेऊन पुढे गेली.