प्रसूतिगृहाचा टँकर मागं का राहिला

दिवसभर पडद्याकडं बघणारी माणसं एकत्र बसली की किस्से साठतातच. दुष्काळातल्या धुळीसारखे, सकाळी पुसावेत तर संध्याकाळी परत टेबलावर. मी मुकुंदवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात फोन घेते. शिक्षण बारावी, पण ऐकून ऐकून बरंच कळतं.

त्या वर्षी शहर पुढं गेलं होतं आणि नळ मागं राहिले होते. पाण्याच्या टँकरवाल्या शेखभाईंना, कुणाकडं आधी टँकर जाईल याचा नंबर लावणारा प्रोग्राम हवा होता. दवाखाने सगळ्यांच्या आधी. काम मिळालं नव्या वैशालीला. सर म्हणाले, "हे जमलं तर तू पक्की. नाहीतर बघू."

पहिल्याच चाचणीत छावणी भागातलं प्रसूतिगृह घरांच्या रांगेत, पार शेवटी!

* * *

"काकू, एकाच नावाचे दोन नियम लिहिलेत," वैशालीनं मला समजावलं. "एक नुसता साचा, येईल त्याच्या मापाचा होणारा. दुसरा खास दवाखान्यांचा. प्रसूतिगृह हा दवाखान्याचाच प्रकार, पण त्याला दवाखाना मानून घ्यावं लागतं. साचा मात्र आहे तसं घेतो. म्हणून कॉम्प्युटर साच्याकडं गेला."

"म्हणजे जो लाड करील त्याच्याकडं."

"व्हय काकू, तसंच."

* * *

सरांनी विचारलं, "एरर आली का?"

"नाही सर."

"मग बरोबरच असेल."

शेखभाई तिथंच बसले होते. म्हणाले, "साहब, मेरा ड्रायवर भी एरर नई देता. सीधा गलत गल्ली में जाता."

* * *

वैशालीचे वडील गावाकडं मेंढरं राखतात. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

"तोंड का उतरलंय तुझं? आवाजावरनं कळतंय."

"बाबा, कॉम्प्युटर प्रसूतिगृहाला दवाखान्यात धरत नाय."

पलीकडं त्यांनी एक मेंढरू हाकललं, मग म्हणाले,

"मग बाळंतिणी जात्यात कुठं?"

* * *

शेवटी तिनं साच्यालाच अट घातली: दवाखान्याच्या जातीचं कुणी आलं तर तू बाजूला हो. शनिवारी शेखभाईंनी स्वतः नावं टाकून पाहिली. प्रसूतिगृह सगळ्यात वर. मग त्यांनी गुलमंडीतलं आपलं घर टाकलं. ते तळाशी गेलं.

ते खुर्ची ओढून हळूच म्हणाले, "बेटी, मेरे घर को भी दवाखाना लिख दे ना."

सर खोकले. वैशालीनं एकदा सरांकडं पाहिलं, पण ती म्हणाली, "नाही भाई. मग छावणीचं पाणी मागं पडेल."

शेखभाईंनी खिशातून फोन काढला. "बेगम, कल तक सब्र करो. इधर एक लडकी बैठी है, मेरी भी नई सुनती."

फोन ठेवून ते सरांकडं वळले. "इसीच को रखना."