माळढोकाची मान

सावेडीतल्या एका कवीमहाशयांना मुलांसाठी पक्ष्यांच्या कविता लिहायची हुक्की आली. चिमणी सोडून दुसरा पक्षी त्यांनी ओळखला असेल तर शप्पथ! चित्रांसाठी त्यांना मी सापडले, चित्रकलेची निवृत्त बाई.

मी हो म्हटलं ते एकट्या माळढोकासाठी. लहानपणी कर्जतकडे आमच्या शेतावरच्या माळात तो मी डोळ्यांनी पाहिलाय. ती उंच पांढरी मान, ती ऐटबाज चाल! आता तिथल्या पोरांना तो चित्रातच दिसणार, म्हणून त्याच्यासाठी मी अख्खं पान मागून घेतलं. महाशयांच्या कवितेत तो फांदीवर झुलत होता.

"अहो, तो झाडावर बसत नाही," मी म्हटलं.

"मॅडम, यमक जुळतंय ना!"

कप्पाळ! माझ्या चित्रात मी त्याला जमिनीवरच ठेवला.

प्रकाशन कर्जतजवळच्या एका शाळेत होतं. छापलेलं पुस्तक मी थेट स्टेजवर उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे बारसं असो नाहीतर दहावा, फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे चिकटवल्याशिवाय लोकांना घास उतरत नाही. या शहाण्यानं तीच खोड पुस्तकात आणली होती. पानापानावर गोल फोटो, खाली 'शुभेच्छुक'. मोराच्या पिसाऱ्यात कोण, खंड्याच्या शेपटीवर कोण! माळढोकाच्या मानेवर तर पतसंस्थेचे चेअरमन, फेटा बांधून हसत बसलेले. खाली पक्ष्याचं पोट आणि दोन पाय.

"वर जागा मोकळी होती," महाशय माझ्या कानाशी म्हणाले.

मोकळी? अरे, मान होती ती, मान!

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक पोरगी पुस्तक उघडं धरून उभी राहिली. "बाई, माळढोकाला मानसावानी तोंड असतंय व्हय?"

मांडव हसून लोटपोट. स्टेजवर बसलेले खुद्द चेअरमन तर सगळ्यात मोठ्यानं हसले, जणू त्यांचं कौतुकच झालं! निर्लज्ज मेले! पोरगी रडकुंडीला आली. तिनं खरंच विचारलं होतं, तिनं बिचारीनं माळढोक बघितलाय कधी?

मी स्टेजवरून उतरले, तिच्याजवळ बसले आणि पर्समधून व्हाइटनर काढलं. फेटा, मिशी, हसू, सगळ्यावरून पांढरीशुभ्र मान ओढली. वर पेननं काळी टोपी, डोळा, चोच.

"अहो मॅडम, साहेब बघतायत!" महाशय धावत आले.

"बघू देत की. त्यांनी तरी माळढोक कुठं पाहिलाय!"

पोरगी चित्राकडे बघतच राहिली. "लई उंच हाय की," ती म्हणाली. मग मागच्या पोरांनी आपापली पुस्तकं माझ्यापुढं धरली. साहेबांचं भाषण सुरू झालं, आणि व्हाइटनर संपेपर्यंत मी खाली बसून त्यांच्या तोंडावर माना काढत राहिले.