वैशाली काय शिकली होती

दीपा, तुझी मावशी लिहितेय, नीट वाच. मान खाली घालू नकोस, रागावणारच आहे मी. वैशाली गेली हे सांगायला फोन तूच केलास, सख्खी धाकटी बहीण तू... आणि चौकात तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स चढवत होते तेव्हा खाली गप्प उभी राहिलीस? फोटोखाली ही मोठी अक्षरं, ‘कॉम्प्युटर इंजिनीअर’. अगं, पोरगी इंजिनिअरिंग फिजिक्स शिकली!

फ्लेक्स तुमच्या काकांचा. आपल्या गावच्या नव्या पेठेत कापडाचं दुकान, कापडाचा पोत बोटांनी ओळखतात, माणसाचा कधी ओळखला नाही. वैशालीनं बारावीनंतर ह्या डिग्रीला प्रवेश घेतला तेव्हा दुकानाच्या गादीवर बसून हेच हसले होते. "धड इंजिनीअर न्हाय, धड मास्तर न्हाय. सून करून घेणार कोण हिला?" फिजिक्स आणि फिजिओथेरपी यांतला फरकसुद्धा ह्या गृहस्थांना कळत नव्हता. पोरगी दिवाळीला घरी आली की ह्यांचं धोतर गुडघ्याच्या वर. "बघ की गं जरा, हितं लई कळ येतीया." एकदा ती शांतपणे म्हणाली, "काका, मी लेझर शिकतीय. जाळून देऊ का?" धोतर झटक्यात खाली! पुढं पुण्यात तिचं बरं चाललंय असं कानावर आलं, तेव्हा कुठं ‘आमची पुतणी’ झाली.

मी दुकानात जाऊन सांगितलं, अक्षरं बदला. तर म्हणाले, "अक्का, लोकास्नी कळंल असं नको व्हय? गेलेल्या पोरीचा मानच वाढवतोय की आमी." मान म्हणे! जिवंतपणी तिचं शिक्षण समजून घेतलं नाही, मेल्यावर आपल्या पसंतीचं चिकटवलं. असला मान तुमच्या गल्ल्यात ठेवा म्हटलं, आणि पायऱ्या उतरले. म्हणून इथं फेसबुकवर, चारचौघांत लिहिते आहे.

मी शाळा फार पाहिली नाही, पण मला तिनं समजावलं होतं. तवा तापला का बघायला मी पाणी शिंपडलं, थेंब मण्यांसारखे पळाले. "मावशी, ते तव्याला टेकलेलेच नाहीत. स्वतःच्या वाफेवर तरंगतायत. असं का होतं ते शोधायचं, मग त्यालाच कामाला लावायचं... हेच शिकते मी." आता रोज भाकरी टाकायच्या आधी पाणी शिंपडते. थेंब पळतात, मी बघत राहते, आणि पहिली भाकरी हमखास करपते.

ये गं दीपा, लवकर ये. तुझ्या ताईचं शिक्षण तुझ्या तोंडून एकदा नीट ऐकायचंय मला. काकांना आणू नकोस, एकटीच ये.