सिमसिमचं अळणी जेवण

सिमसिमची लघवी तुंबली, तेव्हा हिलमीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

हिलमी हा माझ्या वरच्या मजल्यावरच्या इहसानचा एकुलता एक मुलगा. अलेक्झांड्रियात काम मिळेना म्हणून चोरट्या बोटीने इटलीला निघाला. बोट पोचली नाही. बुडाली, असंही कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. त्यामुळे त्या घरात ना रडणं झालं, ना मेलेल्यासाठी म्हणतात तो फातिहा. इहसान आणि तिचा नवरा शहाता मुलाचं नावच काढत नसत. बोलत ते त्याच्या बोक्याविषयी. हिलमीनेच तो पिल्लू असताना जाकिटात घालून घरी आणला होता. तिळाच्या रंगाचा, म्हणून सिमसिम.

त्या दिवशी सिमसिम सारखा वाळूच्या टोपलीत जाऊन बसत होता, कण्हत होता आणि कोरडाच बाहेर येत होता.

"बद्धकोष्ठ झालंय," शहाता म्हणाला. आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस, कशावरही ठाम मत. "चमचाभर तेल पाज. सुटेल."

"पोट बघ किती टणक लागतंय. हात लावला तर ओरडतोय," इहसान म्हणाली. तिने त्याला शालीत गुंडाळलं आणि मला हाक मारली, "चल गं माझ्याबरोबर, याचं ऐकत बसले तर बोका जाईल."

जनावरांच्या डॉक्टरीण मेर्वत यांनी नळी घालून लघवी मोकळी केली. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. बोक्याची लघवी अडली की तासाभराचीसुद्धा वाट बघायची नसते. लघवीत खडे झालेत. काय घालता खायला?"

"सुटं मिळतं ते कोरडं खाणं. स्वस्त पडतं," इहसान म्हणाली.

डॉक्टरांनी औषधी खाणं सांगितलं. त्याची किंमत ऐकून इहसान खाली बघत राहिली. डॉक्टरांनी मोठी पिशवी परत फळीवर ठेवली. मग म्हणाल्या, "खडे विरघळेपर्यंत तरी हेच द्या. छोटी पिशवी घ्या. पुढे घरी करता येईल. बिनहाडाची कोंबडी, तिची काळजं, उकडून पेजेसारखं पातळ. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. त्यात मी देते ती पूड रोज घालायची, नुसत्या मांसावर त्याचं पोषण होत नाही. आणि पाणी, जितकं पोटात जाईल तितकं."

तेव्हापासून इहसानच्या घरी दोन चुली असल्यासारखं झालं. खाटिकाकडून काळजं स्वस्तात मिळत. ती उकडून, बोटांनी कुस्करून, कोमट पाण्यात कालवून ती सिमसिमपुढे ठेवायची. घरभर पाण्याचे वाडगे. शहाताचा पाय त्यात पडायचा.

"घर आहे की बंदर?" तो कुरकुरायचा. "मला कधी कोमट करून दिलंस?"

"तुझी तुंबली की देईन."

पण रोज सकाळी टोपलीतली वाळू तोच चाळायचा. ओली ढेकळं दिसली की आतूनच ओरडायचा, "झाली गं, भरपूर झाली." त्या आवाजावर माझा दिवस सुरू व्हायचा. तीन वर्षं सिमसिम त्या अळणी जेवणावर ठणठणीत राहिला.

मग शम्म अन-नसीमचा, वसंताचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी फिसीख, म्हणजे खारवून मुरवलेला बोय मासा असतोच. शहाताची बहीण पोराबाळांसह आली. घर दणाणून गेलं, सिमसिम पलंगाखाली जाऊन बसला. जेवताना शहाता दोनतीनदा पलंगापाशी वाकला. सपाता शोधतोय, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. सिमसिम पलंगाखालून आला तो ओकतच, आणि वाळू कोरडी. दवाखाना सणाच्या सुटीमुळे अजून बंदच होता. डॉक्टरांना घरून बोलावून आणेपर्यंत दुपार झाली. या वेळी नळी आत जाईना. गेली तोवर बोका थंड पडायला लागला होता. इहसानच्या मांडीवरच तो गेला.

"मी दिलं त्याला," शहाता म्हणाला. "फिसीख. तीन घास."

इहसानने वर बघितलं.

"हिलमी द्यायचा ना दर सणाला. पहिला घास त्याचा. म्हटलं, पोराची रीत मोडायला नको."

डॉक्टर म्हणाल्या, "शहाताकाका, फक्त माशाने झालं असं मी नाही सांगू शकत. घरात गर्दी होती, जनावर घाबरून पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवतं. हा आजार उलटतोसुद्धा." त्या खरंच सांगत होत्या. पण शहाता ऐकत नव्हता. त्याचे हात सिमसिमच्या कानांवरून फिरत होते.

ट्राम डेपोमागे जुन्या सोबत्यांनी खड्डा खणून दिला. शहाताने स्वतः माती लोटली आणि तिथेच बसून राहिला. म्हणाला, "याला निदान मातीत ठेवला. माझा पोरगा कुठे आहे, इहसान?"

पाच वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न तोंडातून निघाला होता. इहसान त्याच्या शेजारी मातीत बसली. "समुद्रात आहे," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे. मलापण ठाऊक आहे."

माशाबद्दल ती त्याला एक शब्द बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "त्याला काय बोलू? मीसुद्धा त्या बोक्यात पोरालाच जेवू घालत होते."

तिसऱ्या दिवशी जिन्यात दुखवट्याला करतात त्या कडू कॉफीचा वास आला. वर गेले तर दार सताड उघडं, खुर्च्या मांडलेल्या, टेपवर कुराणपठण लावलेलं. तळमजल्यावरची बाई माझ्या कानाशी कुजबुजली, "बोक्यासाठी दुखवटा? म्हातारी खुळावली."

इहसानने ते ऐकलं. कॉफीचा कप तिच्या हातात देत शांतपणे म्हणाली, "हिलमीसाठी आहे. बस."

बाई खाली बसली. शहाता दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता आणि प्रत्येकाला मुलाचं पूर्ण नाव सांगत होता, जणू आलेल्यांपैकी कुणी हिलमीला ओळखतच नव्हतं.